आकडा एकटा जात नाही

सोमवारी सर कामावर आले नाहीत. अकरा वाजता त्यांच्या शेजाऱ्यांचा दवाखान्यात फोन आला. सर पहाटे गेले होते. दुपारच्या नमाजनंतर दफन झालं. मी रेकॉर्ड रूममध्ये होते. सहा वाजता मी कुलूप लावलं आणि घरी गेले.

त्या दिवसाबद्दल याहून जास्त मला लिहिता येत नाही. त्याआधीच्या सात वर्षांबद्दल येईल, कारण ती सात वर्षं माझ्या टेबलासमोर दुसरं टेबल होतं आणि तिथे सर बसत.

आमचा दवाखाना बुलढाण्यातला, एका ट्रस्टचा. रेकॉर्ड रूम तळमजल्यावर, एक्स-रेच्या मागच्या बाजूला. तिथे फायलींचे रॅक, एक कॉम्प्युटर, आणि एकच खिडकी, तीही सायकल स्टँडकडे उघडणारी. मी वडनेर भोलजीची. वडील शाळेत शिकवायचे. घरात धान्याच्या कोठीपेक्षा पुस्तकांचं कपाट मोठं होतं, आणि मी मराठी घेऊन एम.ए. झाले तेव्हा वडिलांना वाटलं होतं की मी प्राध्यापक होईन. ते गेले आणि मी ही क्लार्कची नोकरी धरली. पहिल्या दिवशी सरांनी मला न्याहाळून एकच प्रश्न विचारला होता.

"वाचता येते का?"

मी एम.ए. झाल्याचं सांगितलं.

"ते नाही विचारलं, बेटा. डॉक्टरचं अक्षर वाचता येते का?"

मग त्यांनी एक केसपेपर पुढे सरकवला. मला त्यातलं फक्त रुग्णाचं नाव वाचता आलं. सर म्हणाले की नाव वाचता आलं हेही बरंच आहे, उद्यापासून ये.

सरांनी पुण्यात बरीच वर्षं एका कंपनीत परदेशी दवाखान्यांच्या कागदांना कोड देण्याचं काम केलं होतं. डॉक्टर आजार शब्दांत लिहितो. विमा योजनेला आणि वार्षिक अहवालाला तो अक्षर-आकड्यांच्या खुणेत लागतो. ती खूण म्हणजे कोड. परदेशी नियमांतले निम्मे नियम आमच्या दवाखान्याला कोणी विचारत नव्हतं. सर सगळे पाळत. ट्रस्टच्या बैठकीत कोणी म्हटलंच की एवढ्या बारकाईची इथे काय गरज, तर सर म्हणत की तिकडच्या माणसाचा आजार आपण बारा वर्षं नीट लिहिला, आता इकडच्याचा अंदाजे लिहायचा का.

दवाखान्यात त्यांना पाठीमागे 'मोजेवाले सर' म्हणत. मे महिन्यात, पंखासुद्धा गरम हवा फेकत असताना, सर गुडघ्यापर्यंत लोकरीचे मोजे घालून येत. कोणी विचारलं तर पुण्याच्या एसीनं पायात गारठा बसला तो निघतच नाही, असं सांगत. वॉर्डातल्या सिस्टर त्यांना विचारत, सर, स्वेटर कधी घालणार. सर म्हणत, दिवाळीले, तुमच्या लग्नात.

दुसरी गोष्ट त्यांच्या वजनाची. म्हणजे लोखंडी वजनाची. सरांचे वडील पिंजारी होते. घरोघर जाऊन गाद्या-रजयांचा कापूस पिंजायचे. त्यांच्याकडचं वीस किलोचं एक वजन सरांनी जपून ठेवलं होतं. रोज सकाळी नऊ वाजता ते कापडी पिशवीत घालून सर ओपीडीत जात, तिथल्या काट्यावर ठेवत, मग दोन्ही वॉर्डांतल्या काट्यांवर. काटा वीसच्या पुढेमागे दाखवू लागला की त्याच्यावर कागद चिकटवत: 'आज वापरू नये'. गेटवरचा वॉचमन रोज विचारायचा, "सर, आज भाजी किती किलो?" सर रोज तेच उत्तर द्यायचे, "वीस. कालच्याच भावानं."

वजनाबद्दल एवढा जीव का, हे मला पहिल्या महिन्यात कळलं.

प्रत्येक दाखल रुग्णाचं वजन आणि उंची सिस्टर लिहीत. त्यावरून बीएमआय काढायचा. किलोतलं वजन, त्याला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं. साडेअठराच्या खाली कमी वजन, पंचवीसच्या वर जास्त, तिसाच्या वर लठ्ठपणा. हिशेब सोपा होता आणि मला आकडा दिसला की कोड टाकायची घाई व्हायची. एकदा एक व्यापारी हात मोडून दाखल झाले. बीएमआय चौतीस. मी लठ्ठपणाचा कोड टाकून फाईल पुढे सरकवली. सरांनी ती परत सरकवली.

"डॉक्टरनं लठ्ठपणा लिहिला का?"

"नाही सर. पण चौतीस आहे."

"त्याचं हाड मोडलं हातातलं. त्याच्या पोटाची चुगली आपण काऊन करायची?"

मग त्यांनी मला नियम सांगितला. पुढे हजार वेळा सांगितला, प्रत्येक वेळी पहिल्यांदा सांगितल्यासारखा. वजन-उंची सिस्टरनं लिहिलेली चालते, बीएमआय तिच्या नोंदीवरून घेता येतो. पण त्या आकड्याचा अर्थ फक्त डॉक्टरनं लिहायचा. लठ्ठपणा, कमी वजन, कुपोषण, जे असेल ते. तो शब्द कागदावर असेल, आणि डॉक्टरनं त्यासाठी काही केलं असेल, आहार सांगितला, तपासणी केली, तरच आकड्याचा कोड द्यायचा, तोही शब्दाच्या मागे, दुसऱ्या जागेवर. शब्द नसेल तर आकडा फाईलमध्येच ठेवायचा.

"आकडा एकटा जात नाही, बेटा," ते म्हणत. "त्याच्यासोबत कोणी पाह्यजे."

गरोदर बायकांचा आकडा ते मुळीच पाठवू देत नसत. जीव दोन असताना वजन एकीच्या नावावर कसं टाकता, असं विचारत. एका हेडमास्तरांच्या कागदावर मात्र डॉक्टरांनी साखरेच्या जोडीला लठ्ठपणा लिहिला, आहाराचा तक्ता दिला, तेव्हा सरांनी तो कोड स्वतः टाकला आणि दिवसभर खुशीत होते. जणू हेडमास्तरांची सोयरीक जमवली होती.

डबा ते बरोबर एकला उघडत. ज्वारीची भाकर आणि बहुतेक डाळ. पहिला घास घ्यायच्या आधी मला विचारत, "जेवली का?" मी समोर डबा उघडून बसलेली असले तरी विचारत. सात वर्षांत त्यांनी मला तुझं कसं चाललंय असं कधी विचारलं नाही. जेवली का, एवढंच. मी हो म्हटलं की ते खिडकीकडे तोंड करून जेवत, आणि मी माझं पुस्तक उघडे. आमच्यात बोलणं फार नव्हतं. पण दुसऱ्या माणसाच्या चघळण्याचा आवाज असलेली ती खोली, हे मला आता लिहिताना जाणवतं, तेव्हा माझं घर होती. भाड्याच्या खोलीत मी फक्त झोपायला जायचे.

ज्या वर्षी बोंडअळी परत आली, त्या वर्षीची एक गोष्ट. बीटी बियाणं आलं तेव्हा सगळे म्हणाले होते की बोंडअळी गेली. पुढे काही वर्षांनी ती गुलाबी होऊन बोंडाच्या आत शिरली. बाहेरून बोंड चांगलं दिसे, फोडलं की आत कवडी, म्हणजे किडका, कडक कापूस. वेचणाऱ्या बायकांना किलोवर मजुरी. दिवसभर वेचूनही ओटीत वजन भरत नसे. दिवाळीनंतर त्या बायका ताप घेऊन आमच्याकडे येऊ लागल्या.

त्यांतली एक नांदुऱ्याकडची, माझ्या गावाजवळची. वय पस्तीस असेल. वजन तेहतीस किलो, उंची दीड मीटर. मी भागाकार केला, चौदा पूर्णांक सात. डॉक्टरांनी लिहिलं होतं: ताप, अशक्तपणा. त्या आठवड्यात माझं मन गावाकडे होतं. मी डॉक्टरांचा शब्द नसताना कुपोषणाचा कोड टाकला.

सरांनी तो खोडला. मी पहिल्यांदाच त्यांच्याशी वाद घातला. ती उपाशी आहे हे आंधळ्यालाही दिसतं, मी म्हटलं.

"हाव, दिसते," सर म्हणाले. "पण तुले डॉक्टर कोणी केलं? तू लिहिलं त ते आपल्या कॉम्प्युटरात राह्यते. त्यानं लिहिलं त तिच्या ताटात जाते."

हे खरं होतं. दवाखान्याच्या स्वयंपाकघरात जादा आहार, म्हणजे अंडं, दूध, शेंगदाण्याची चिक्की, फक्त डॉक्टरांनी कुपोषण लिहिलेल्या रुग्णाला मिळे. अशक्तपणाला नेहमीचीच खिचडी.

तेव्हा सरांनी चिठ्ठी लिहिली. या चिठ्ठीला ते क्वेरी म्हणत. त्यातही नियम होता. उत्तर सुचवायचं नाही. ही कुपोषित आहे का, असं विचारलं तर ते विचारणं नव्हे, ढकलणं झालं. सरांनी सुरेख अक्षरात लिहिलं: 'वजन ३३ किलो, उंची १५० सेंमी., बीएमआय १४.७. आपलं मत लिहावं.' आणि ते ओपीडीबाहेरच्या बाकावर, रुग्णांच्या रांगेत, मोजे वर ओढून बसले. आमचे वॉर्डाचे डॉक्टर तरुण, नाशिककडचे, कामानं पिचलेले. त्यांनी चिठ्ठी घेतली आणि खिशात घातली. दुसऱ्या दिवशी सरांनी तीच चिठ्ठी पुन्हा लिहिली. तिसऱ्या दिवशी डॉक्टर वैतागले.

"सर, अशा बायका वॉर्डात अकरा आहेत. सगळ्यांना लिहीत बसू का मी?"

"मले अकरा माहीत नव्हत्या," सर म्हणाले. "मंग अकरा चिठ्ठ्या आणतो."

डॉक्टर हसले. पण त्यांनी त्या दुपारी अकराही जणींना तपासलं आणि नऊ जणींच्या कागदावर तो शब्द लिहिला. संध्याकाळी मी नऊ कोड टाकले, शब्द आधी, आकडा मागून. सर शेजारी उभे राहून बघत होते.

दुसऱ्या दिवशी मी वॉर्डात गेले तर ती नांदुऱ्याकडची बाई अंडं सोलत होती. मी तिला, उगीच मोठेपणानं, सांगितलं की तुझ्या कागदावर आता बरोबर आजार लागला आहे. तिनं कोणता, असं विचारलं. मी सांगितलं. तिनं अंड्याचं साल मुठीत धरलं आणि म्हणाली, "हे त मले पह्यलेच मालूम होतं. तुमाले तीन दिवस काऊन लागले?"

मी हे सरांना येऊन सांगितलं. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाले, "तिले सांग, आमाले वाचाले टाइम लागते."

अकरापैकी ज्या दोघी राहिल्या होत्या, त्यांतल्या एकीचा आकडा साडेएकोणीस होता. चांगला. मला ती सुटल्याचा आनंद झाला होता. सरांनी मला तिच्या खाटेपाशी नेलं आणि सिस्टरला तिच्या नडगीवर अंगठा दाबायला सांगितलं. अंगठा उचलला तरी खळगा तसाच राहिला, पिठात बोट रुतल्यासारखा.

"ओला कापूस," सर मला हळूच म्हणाले.

खोलीत परत आल्यावर त्यांनी समजावलं. व्यापारी कापसावर पाणी मारतो, गठ्ठा जड होतो, काटा जास्त दाखवतो. त्यांचे वडील म्हणून कापूस आधी गालाला लावून बघायचे, मगच काट्यावर ठेवायचे. त्या बाईच्या अंगात पाणी साचलं होतं. तिचं वजन पाण्याचं होतं. "काटा खोटं बोलत नाही," सर म्हणाले, "पण पुरं बी बोलत नाही." तिचीही चिठ्ठी गेली. डॉक्टरांनी तीही वाचली.

एवढं सगळं मला त्यांनी शिकवलेलं होतं, हे मला मुद्दाम लिहून ठेवायचं आहे.

पुढच्या पावसाळ्यात कर्मचाऱ्यांची तपासणी झाली. ती दरवर्षी व्हायची. वजन, उंची मी लिहायची, आकडा काढायचा, आणि शेवटच्या रकान्यात डॉक्टरांचा शेरा. त्या वर्षी सर वाळल्यासारखे दिसत होते. कॉलर मानेभोवती सैल, गालफडं आत. रमजान नुकताच झाला होता, त्यांनी सगळे रोजे धरले होते, म्हणून सगळ्यांनी ते रोज्यांवर घातलं. मला काळजी वाटत होती. त्यामुळे ते काट्यावर चढले तेव्हा मी आकडा दोनदा वाचला. बासष्ट किलो. आदल्या वर्षी एकोणसाठ होते. मी भागाकार केला. बीएमआय बावीस.

मला इतकं बरं वाटलं की मी ते मोठ्यानं म्हटलं. वजन वाढलंय सर, बावीस आलाय, अगदी मधोमध. सर काट्यावरून उतरले आणि मोजे वर ओढले. तुम्ही रोज काट्यावर ठेवता ते वजन आज खिशात नाही ना, असं मी विचारलं. मी सहसा थट्टा करत नाही. ते हसले.

मध्येच फवारणीची विषबाधा झालेले तिघे जण जीपमधून आले आणि डॉक्टर धावत खाली गेले. तपासणी तिथेच थांबली. तीन नावांपुढचे शेरे राहिले होते. दुसऱ्या दिवशी मी दोघांना डॉक्टरांकडे पाठवलं. सरांना म्हटलं, तुम्हीही जाऊन या.

"माह्यं राहू दे," सर म्हणाले. "बावीस हाय ना? रेघ मार."

रिकाम्या रकान्यात रेघ मारणं आमच्या खोलीत बंद होतं. सरांनीच बंद केलं होतं. रेघ म्हणजे विचारलं नाही याची कबुली, असं ते म्हणत. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते फाईल वाचत होते. आकडा चांगला होता, डॉक्टर थकलेले होते, आणि ज्यांचा नियम तेच मोडायला सांगत होते. मी पट्टी घेतली आणि रेघ मारली. संध्याकाळी सरांनी तक्ता नेहमीसारखा ओळ न् ओळ तपासला, पेन्सिल प्रत्येक रकान्यावर टेकवत. आणि खाली सही केली.

त्यानंतर चार महिन्यांनी तो सोमवार आला.

बुधवारी त्यांचे शेजारी कागदपत्रांसाठी दवाखान्यात आले. साधे गृहस्थ, बसस्टँडमागे त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. सर त्यांच्याच माडीवर एका खोलीत राहत. मलकापूरची बहीण आधीच वारली होती, दुसरं कोणी नव्हतं. त्यांनी मला विचारलं की तुम्हीच त्या समोरच्या टेबलवाल्या मॅडम का. सर तुमचं नाव घ्यायचे, असं म्हणाले. मग त्यांनी सांगितलं की अंघोळ घालताना मोजे काढले तर निघेनात, कापावे लागले. पाय मांडीपर्यंत सुजलेले. मोज्यांची वीण कातडीवर उमटलेली.

उशाखाली अकोल्याच्या दवाखान्याची फाईल सापडली होती, ती त्यांनी सोबत आणली होती. मी वाचली. मला आता कोणाचंही अक्षर वाचता येतं. दोन्ही मूत्रपिंडं निकामी होत आली होती. आठवड्यातून दोनदा रक्त शुद्ध करून घ्यायला या, असं लिहिलं होतं. तारीख आमच्या तपासणीच्या आधीची होती. सर दोनदा जाऊन आले होते, नंतरच्या पानांवर काही नव्हतं.

"म्या लय म्हटलं जा म्हणून," शेजारी म्हणाले. "त म्हणे, तिथं हर खेपेले इचारतात, सोबत कोण हाय. कोणाले नेऊ?"

मी फाईल बंद केली. ते गेल्यावर मी समोरच्या टेबलाकडे पाहिलं. माझ्या टेबलापासून ते चार पावलांवर आहे.

वॉर्डाचे डॉक्टर संध्याकाळी खोलीत आले. ते खाली कधी येत नसत. त्यांनी तक्ता मागितला, सरांची ओळ बोटानं शोधली, रेघेवर बोट थांबलं. ते रागावले नव्हते.

"तुम्ही मला यांचीही एक चिठ्ठी पाठवायला हवी होती," ते म्हणाले. "सगळ्या चिठ्ठ्या पाठवल्यात तुम्ही लोकांनी."

ते सरांच्या खुर्चीत थोडा वेळ बसले आणि राउंडला गेले.

सर आमचे कर्मचारी, म्हणून त्यांच्या मृत्यूच्या नोंदीची प्रत आमच्या खोलीत आली. कोड मलाच द्यायचा होता. डॉक्टरांनी कारण लिहिलं होतं, मूत्रपिंडाचा आजार, अंगावर सूज. मी त्याचा कोड दिला. बावीस हा आकडा त्यासोबत दिला नाही. तो पाण्याचा होता. मला हे चार महिने उशिरा समजलं.

आकडा माझ्या तक्त्यात होता आणि शब्द त्यांच्या उशाखाली. दोन्ही एकत्र आणायचं कसं, ते मला त्यांनीच शिकवलं होतं. कधी वाटतं, त्या दिवशी रेघ मार म्हणून ते थांबले होते, मी नाही म्हणते का ते पाहायला. कधी वाटतं, कोणी विचारावं हेच त्यांना खरंच नको होतं. विचारल्याशिवाय हे कळत नाही, आणि मी विचारलं नाही.

ट्रस्टनं सरांच्या जागी अजून कोणाला घेतलेलं नाही. वीस किलोचं वजन शेजाऱ्यांनी मला आणून दिलं. सकाळी नऊला मी ते पिशवीत घालून वर नेते. वॉचमन आता काही विचारत नाही. रुग्णाला काट्यावर चढवण्याआधी पायांवर अंगठा दाबून बघा, असं मी सिस्टरना सांगितलं आहे आणि त्या बघतात. एकला मी डबा उघडते.

त्या वर्षीचा कर्मचाऱ्यांचा तक्ता माझ्या कपाटात आहे. सरांच्या नावापुढे बावीस लिहिलं आहे. त्यापुढे माझी रेघ आहे. खाली त्यांची सही आहे.